विहीणबाईंचा लाल भात

४ मे

विहीणबाई,

नमस्कार हल्ली लांबूनच करायचा असतो, आणि तुम्हाला मी तो पहिल्यापासून लांबूनच करत आले, तेव्हा आपल्याला काही जड जाणार नाही.

पत्र बघून दचकू नका. माझा फोन चालतो. पण मागच्या वेळी काय झालं? तुम्ही हॅलो म्हणालात, मी हॅलो म्हणाले, आणि मग दोघी कानाला फोन लावून तुमच्या पंख्याचा आवाज ऐकत बसलो. तो खडखडतो हो, तेल घाला त्याला. म्हणून म्हटलं, कागद बरा. बोलणं सुचेपर्यंत तो गप्प थांबतो आणि बिलही चढत नाही.

टपाल बंद आहे, पण अंडीवाल्याच्या गाडीला तुमच्या गावापासून इथपर्यंत पास आहे. ट्रेच्या खाली पत्र घालून आणतो म्हणाला. "मावशी, प्रेमपत्र आहे का?" विचारतो मेला. मी म्हटलं, विहिणीला आहे, त्याहून जपून ने.

आता कामाचं. मुंगी जेवत नाही.

तुमची नात तुमच्याकडे साखरेचे डबे फस्त करायची म्हणून तुम्हीच तिला मुंगी म्हणायला लागलात ना? आता साखर हातावर ठेवली तरी बघत नाही. घास गालात धरून बसते. दुपारचा घास संध्याकाळी तोंड धुताना बाहेर येतो. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलेत. फोनवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन आणखी उतरलं तर आणून दाखल करा, सलाईन लावू. कुठं आणा? हॉस्पिटलात. म्हणजे तिची आई जिथं लोकांचे एक्स-रे काढायला गेली आणि परत आली नाही, तसल्याच दारातून हिला मी आत पाठवू? हिच्याबरोबर मला कुणी आत सोडणारही नाही. नाही जमणार मला ते.

माझी पोरगी शेवटची आली ते तुम्हाला मी नीट सांगितलं नाही. मुंगीला आणून सोडायला आली तेव्हा दारातून आत पाऊलसुद्धा टाकलं नाही तिनं. गाडीतून सामान मात्र सगळं तिनंच चढवलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत. तांदळाची पोती, डाळ, बटाटे, तेलाचे डबे. मी ओरडले, लढाई लागलीय का गं? "लागली तर?" म्हणाली, आणि उलट्या पावली ड्यूटीवर गेली. मी चहा ठेवला होता. तोंडावरचं फडकं काढायचं नाही म्हणून तोही घेतला नाही.

तेच सामान आम्ही खातोय. मी खातेय, म्हणजे. बटाटे पलंगाखाली पसरलेत, कांदे गॅलरीत टांगलेत, तांदूळ पिंपात आहे. पिंपाचं झाकण उघडताना मी वरवर माप घालते, आत बघत नाही.

रडू येत नाही, विहीणबाई. हे गेले तेव्हा मी गल्ली डोक्यावर घेतली होती. आता कांदे चिरले तरी डोळे कोरडे. शेजारीण म्हणते मोकळ्या व्हा. मी सकाळी उठते, डाळ निवडते. मग निवडलेलीच परत निवडते. खडे नसतातच तिच्यात.

तर मुंगी कालच्या दिवसात एवढंच बोलली : "त्या घरचा लाल भात." तुमचा तो रविवारचा लाल भात. व्याहीबुवा दर भेटीत त्याचं कौतुक सांगून माझं डोकं उठवायचे. कसा करता ते लिहा. भाव खाऊ नका.

तुमची
तिसऱ्या मजल्यावरची विहीण


९ मे

विहीणबाईंना,

पत्र मिळालं. पंख्याला तेल घातलं.

मुंगीचं वाचून हातातलं काम सुटलं. सध्या दिवसभर मशीनवर तोंडाची फडकीच शिवते. ब्लाऊज शिवून घ्यायला कोण येणार आता? आपल्या नातीचं नाक केवढं ते आठवून एक छोटं शिवलं आहे, सोबत पाठवते. फुलाफुलांचं आहे, पण ती हल्ली फुलांना नाही म्हणते का ते मला माहीत नाही.

आमच्याकडे लाल भात असा होतो. कांदा बारीक चिरून तेलावर लालसर परतायचा. पिकलेले टोमॅटो किसून घालायचे, साली टाकून द्यायच्या. लाल तिखट, मीठ. टोमॅटोचं पाणी आटलं की धुऊन निथळलेला तांदूळ घालायचा, परतायचा, दुप्पट पाणी, झाकण, मंद गॅस. वर एक अंडं तळून ठेवायचं.

मीठ इथून पाठवते आहे. तुमच्या व्याह्यांनी साथ येणार म्हटल्यावर काय आणावं? सगळे लोक तांदूळ, पीठ घेत होते. हे पोतंभर मीठ घेऊन आले. म्हणे, ते नासत नाही. आम्ही दोघांनी आता जन्मभर लोणची घातली तरी संपणार नाही. तुम्ही घ्या, शेजाऱ्यांनाही द्या.

सूनबाईची पिशवी हॉस्पिटलातून आली. मी उघडली नाही. तुम्ही या, मग उघडू.

आपली
विहीण


१२ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र आधी गॅलरीत दोरीला चिमटा लावून दिवसभर उन्हात ठेवलं. हल्ली बाहेरनं आलेलं सगळं असंच वाळत घालते. समोरच्या बिऱ्हाडातल्या म्हातारबाबांना चष्म्याशिवाय लांबचं छान दिसतं, त्यामुळे आता त्यांनाही लाल भात येतो.

मीठ मिळालं. व्याहीबुवांना म्हणावं, समुद्र उसनं मागायला येईल, दार लावून घ्या.

तोंडाचं फडकं मुंगीनं घातलं. काढतच नाही. झोपतानाही तेच. जेवायला बसवलं की नाकावर ओढून घेते, म्हणजे माझीच अडचण केलीत की हो.

भात तुम्ही लिहिलात तसाच केला. टोमॅटोसाठी खाली रांगेत उभी राहिले. खडूनं आखलेल्या गोलात एकेक बाई, जशा काही फुगड्या घालायला उभ्या केल्यात. नरम, पिकलेलेच घेतले. भाजीवाला म्हणाला, बाई, सगळे कडक मागतात टिकायला. मी म्हटलं, मला आजच खायचेत.

भात मोकळा झाला. रंग तर असा की तुम्ही मत्सरानं लाल व्हाल. मुंगीनं फडकं हनुवटीवर घेतलं, एक शीत जिभेवर ठेवलं आणि ताट सरकवलं. "हा नाही."

विहीणबाई, खरं सांगा. एक जिन्नस पोटात ठेवलात ना? तुम्हा हातगुणाच्या बायकांची मला चांगली ओळख आहे. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अर्धा जन्म काढलाय. कुणी पदार्थ विचारला की सगळं सांगायचं आणि एकच गोष्ट गिळायची, म्हणजे चार वर्षांनीसुद्धा लोक म्हणतात, तिच्या हातासारखा नाही. करा की तसं, मी करत नव्हते का! पण नातीसमोर नको.

काय गिळलंत ते लिहा.

तुमची
टोमॅटोच्या रांगेतली


१६ मे

विहीणबाईंना,

काही गिळलं नाही. चिमूटभर साखर राहिली असेल, आणि लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून. टोमॅटो फार पिकले असतील तर साखर नको.

ह्यांना खोकला होता, आता बरा आहे. साधाच होता.

मुंगीला माझे पापे.

विहीण


२२ मे

विहीणबाई,

साखर घातली. लसूण घातला. मग साखर न घालता केला. मग तुमचं मीठ घालून केला, म्हटलं तुमच्या गावच्या मिठातच काही जादू असेल. मुंगी प्रत्येक वेळी एक शीत चाखते आणि सासूनं सुनेला बघावं तशी माझ्याकडे बघते. "हा नाही, आजी." उरलेला भात मी खाते. माझं वजन वाढलंय. नातीचं उतरतंय. शेजारणीच्या काट्यावर दोघींना उभं केलं, तर काटा माझ्याकडे बघून लाजला.

डॉक्टरीणबाईंचा परत फोन आला होता. म्हणाल्या, आणखी थोडे दिवस बघू, मग मी गाडी पाठवीन. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? मी सगळ्याला हो म्हणते हल्ली. आत काही हलतच नाही. परवा ताटं मांडली तर तीन मांडली. तिसरं उचललंही नाही. त्यातही वाढलं, तेही मीच जेवले आणि तिन्ही घासली.

तुमच्या मुलाचा दर रविवारी जहाजावरून फोन येतो. त्याला कुठल्या बंदरात उतरू देत नाहीत, पाण्यावरच फिरवताहेत. मी फोन मुंगीच्या कानाला लावते आणि भांडी आवरायला निघून जाते. त्याला मी काय बोलू? मुंगीही काही बोलत नाही. तो तिकडून एकटाच बोलतो, इंजिनाच्या घरघरीत.

आता एक विचारते, राग आला तर येऊ दे. माझी पोरगी तुमच्या घरात नांदली. तिनंच कधी सांगितलं असतं हा भात कसा करतात ते. आता सांगायला ती नाही, म्हणून तुम्हाला हात आखडता घ्यायला बरं फावलं का? घरचा मोठेपणा घराबाहेर जाऊ नये म्हणून? पोर वाळत चाललीय हो इथं.

विहीण


२९ मे

विहीणबाई,

अंडीवाला आला, ट्रेखाली काही नव्हतं. सगळी अंडी उचलून बघितली. तो म्हणाला, "मावशी, तिकडल्या बाईंनी खिडकी उघडली नाही."

मी जास्त लिहिलं. जीभ माझी अशीच, तुम्हाला लग्न ठरलं तेव्हापासून ठाऊक आहे. सोबत पिंपातला वाटीभर तांदूळ पाठवते. पोरीनं आणलेला आहे. तुम्हीही खा.

खोकला कसा आहे, तेवढं तरी कळवा.


२ जून

सौ... नाही, विहीणबाई,

मी तुमचा व्याही. आयुष्यात तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तर समोरच्या म्हातारबाबांना दाखवा. ही शिवायच्या खोलीत आहे, तिला माहीत नाही. अंडीवाल्याला मीच खाली जाऊन गाठला. माझा खोकला गेला.

खिडकी उघडली नाही त्याचं कारण, तुमचं पत्र वाचून ही रडत होती. रागानं नव्हे. त्याआधीच्या रविवारी हिनं स्वतः लाल भात करून बघितला होता. मला वाढला. मी एक घास खाल्ला आणि म्हणालो, हा तो नव्हे. माझं चुकलंच, गप्प खायला हवा होता. ही ताट तसंच ठेवून उठली.

तर मी सांगतो. रविवारचा भात सूनबाई करायची. त्या दिवशी हिच्याकडे कपडे घ्यायला बायकांची गर्दी असायची, म्हणून स्वयंपाक सूनबाईकडे. पदार्थ घरचाच, सांगितला तोच, हिनं एक जिन्नसही लपवलेला नाही. पण भात चढवला की जहाजावरून फोन यायचा. त्याची जेवायची सुट्टी तेव्हाच असते. सूनबाई फोन घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची, आणि भात खाली लागायचा. दर रविवारी. घरभर वास. मी उठायला लागलो की ही माझी बाही धरायची. "बसा. आठवड्यातनं एकदा नवऱ्याशी बोलते, बोलू दे. भाताचं काय मेलं!" ती पळत आत यायची तेव्हा सगळी धांदल. वरचा भात आम्ही खायचो, त्याला तो वास लागलेला असायचा. आणि तळाची खरवड मुंगीची. चमचा घेऊन पातेल्यात निम्मी आत जायची.

आता हे हिनं तुम्हाला कसं लिहायचं? हिचं म्हणणं, गेलेल्या सुनेनं भात करपवला म्हणून तिच्या आईकडे गाऱ्हाणं घेऊन जाऊ? त्यातून तुम्ही कॅन्टीनच्या, तुमच्या हातून कधी काही करपलं नाही. सूनबाईच सांगायची, लहानपणी दूध उतू गेलं तरी कसा ओरडा बसायचा ते. म्हणून हिनं तेवढं वगळलं आणि बाकी सगळं लिहिलं. मी म्हणालो, अगं, तेच तर लिहायचंय. तर म्हणाली, तुम्ही मीठ सांभाळा.

तुम्ही पाठवलेला तांदूळ हिनं डब्यात वेगळा ठेवलाय. शिजवत नाही.

तुमचा
व्याही


७ जून, रविवार

विहीणबाई,

व्याहीबुवांनी चोरून लिहिलं म्हणून त्यांच्याशी भांडू नका. भांडलात तर मी मिठाचा उरलेला भाग परत पाठवीन.

पत्र वाचून मी उठले आणि लगेच पातेलं चढवलं. म्हटलं, एवढंच ना! करपवायचं! साऱ्या जगातल्या बायका न करपावं म्हणून धडपडतात, मला उलटं जमणार नाही? नाही जमलं हो. पाणी आटलं, तळाशी तडतड सुरू झाली, आणि माझा हात आपोआप गेला आणि गॅस बंद. परत पेटवला. परत बंद. मी माझ्या हाताकडे बघत उभी. कॅन्टीनमध्ये माणसांची रांग आणि मोठाली पातेली, वास यायच्या आधी हात जायचा. घरी तोच हात पोरीच्या पाठीतही जायचा. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" असं म्हणत. काय लक्ष असायचं, काही नाही, खिडकीत उभी असायची. दुसऱ्यांदा तर मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तरी पायानं सिलिंडरपर्यंत पोचायला बघत होते, शपथेवर सांगते. म्हातारबाबा समोरून बघत होते. बाई कसली कवायत करते म्हणाले असतील.

तर आज रविवार. दुपारी भात चढवला, मुंगी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. झाकण ठेवलं आणि फोन वाजला. तुमचा मुलगा. मी फोन घेऊन तिच्याकडे निघाले होते. मध्येच थांबले. तो नेहमीसारखा "मुंगे, मुंगे" करत होता. मी म्हटलं, मुंगी नाही, मी आहे.

तो म्हणाला, "आई, तुम्ही?"

मी गॅलरीत जाऊन बसले. कांद्यांच्या खाली. मग तोच म्हणाला, "ती तुमच्याकडे शेवटची आली होती ना. काय बोलली?" कुणी मला हे विचारलंच नव्हतं. तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं, पोती, जिना, चहा. चहा तिनं घेतला नाही, मग मीच गार घेतला, तेही सांगितलं. तो ऐकत होता. मी विचारलं, तुम्ही दोघं इतका वेळ बोलायचात तरी काय? तर म्हणाला, काही नाही हो. कुणाचे कपडे शिवून झाले, मुंगीनं साखर कुठं लपवली, असलंच. आणि शेवटी दर वेळी तिला वास यायचा. मग ओरडायची, "मेले! भात लागला! ठेवते. आईला सांगू नकोस हं!"

म्हटलं, कुठली आई? तुझी?

म्हणाला, "नाही हो, तुम्ही. तुम्हालाच घाबरायची ती."

इतकी वर्षं झाली लग्नाला, एवढ्या लांब नांदत होती, दिवसभर माणसांची हाडं बघत होती यंत्रात, आणि भात लागला की घाबरायची मला! मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तो तिकडे, मी इकडे. अधूनमधून त्याचं इंजिन घरघरायचं. आणि विहीणबाई, मला वास आला. आधी नेहमीचा, शिजल्याचा. मग जरा गोडसर. मग तळाचा. माझा हात उठला. तुम्ही व्याह्यांची बाही धरायचात ना, तशी मी माझीच बाही धरली. बसून राहिले. तो बोलत होता.

मुंगी कधी उठून आली कळलं नाही. गॅलरीच्या दारात उभी. तुमचं फुलाफुलांचं फडकं गळ्यात लोंबत होतं आणि नाक वर करून हुंगत होती. हातात चमचा होता.

"आजी," म्हणाली, "लागला."

मी गॅस बंद केला नाही, तिनंच मला करायला लावला. पातेलं जमिनीवर ठेवलं, तर फडक्यानं धरून निम्मी आत गेली. खरडखरड असा आवाज. बाहेर आली तेव्हा नाकाला काळं लागलेलं. गाल भरलेला होता. मी बघत राहिले, की आता धरून बसते का. गिळला. परत आत गेली.

फोन चालूच होता. त्याला तो आवाज ऐकू येत होता. म्हणाला, "आई, ठेवू नका, असाच राहू द्या."

वरचा भात मी खाल्ला. करपट होता. आयुष्यात पहिल्यांदा करपट भात ताट पुसून खाल्ला. आणि पिंपात आज आत डोकावून बघितलं. आहे अजून तांदूळ.

पातेल्याची पार वाट लागलीय, भिजत घातलंय. रस्ते उघडले की तुम्ही या आणि घासा, तुमच्याच घरची तऱ्हा आहे. पिशवीही घेऊन या, दोघी उघडू. आणि डब्यातला तो तांदूळ शिजवा बाई. व्याह्यांना फोनवर बोलत बसवा आणि लागू द्या खाली.

तुमचं गाऱ्हाणं पोचलं. गोड लागलं मला. तिनं तुमच्याकडे आणखी काय काय बिघडवलं असेल, काय सांडलं, काय फोडलं, काय मला सांगू नका म्हणाली, ते सगळं लिहा. अंडीवाला मंगळवारी येतोय. एकही वगळू नका.

तुमची
विहीण